कापश्याचा मालक

बिरूमामा,

तुम्ही गेल्याचा निरोप मला बाजारात मिळाला. मी एका मेंढीचे दात बघत होतो. निरोप आणणाऱ्याला जरा थांबायला सांगितलं, दात बघून घेतले, सौदा पुरा केला आणि मग विचारलं, कधी. त्याला ते आवडलं नसावं. पण अर्ध्यावर सोडलेला सौदा मला झोपू देत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तुमचा-माझा एक सौदा असाच अर्ध्यावर राहिला, म्हणून हे लिहितो आहे.

तुम्ही कोण, कुठले, मेंढरं किती होती, पोरं किती, हे सांगायला तुमची भावकी आहे. अणदूरच्या देवळाच्या ओट्यावर बसून ती सांगतही असेल. मला फक्त कुत्र्याचं बोलायचं आहे. ते आपलं राहून गेलं.

कुत्रा माझ्याकडं कसा आला, हे तुम्ही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझा हक्क कुठून येतो ते कळलं असतं, आणि तेच तुम्हाला नको होतं, असा माझा समज आहे. नळदुर्गाच्या बंगल्यात रस्त्याच्या कामावरचा गोरा साहेब राहायचा, तेव्हा मी तिथं बोकड पुरवत होतो. दुसऱ्याच्या शेळ्या सोलापूरच्या बाजारापर्यंत हाकत नेण्यात माझं लहानपण गेलं. माझी स्वतःची पहिली शेळी झाली तेव्हा पायात वहाण नव्हती. शाळेत उर्दू शिकलो, मराठी वाचायला पुढं स्वतःच शिकलो आणि माणूस वाचायला बाजारात शिकलो. साहेबाला वाचायला वेळ लागला नाही. लढाई सुरू झाली, त्याला परत बोलावणं आलं आणि कुत्रा बरोबर नेता येणार नव्हता. अशा वेळी माणूस घाईत असतो.

कुत्रा पांढरा, तोंड कोल्ह्यासारखं निमुळतं, कान उभे, शेपूट पाठीवर वळवून ठेवलेली, पागोट्याचा शेमला सोडावा तशी. साहेबाच्या मुलखात बर्फ असतो आणि तिथं असली कुत्री हरणांचे कळप राखतात, असं खानसाम्यानं मला सांगितलं. खानसामा आपल्याच भागातला म्हातारा होता. साहेबापेक्षा कुत्रा त्यालाच जास्त कळायचा. एक दुभती शेळी त्याच्या घरी पोचवली आणि कुत्र्याची सगळी माहिती घेतली. साहेबाकडून कुत्रा फुकट मिळाला, पण माझा जीव त्या माहितीत होता. माल कसा टिकवायचा ते ठाऊक नसेल, तर तो फुकटातही महाग पडतो.

खानसामा म्हणाला होता, याचे केस दुहेरी आहेत. वरचे लांब आणि राठ, आत कापसासारखी लव. लव वर्षातून दोनदा झडते. तेव्हा रोज फणीनं विंचरून काढायची, नाहीतर तिच्या गाठी होतात आणि आत कातडी कुजते. गोचीड त्या लवेत दडून बसतात, म्हणून नुसतं वरून बघायचं नाही, बोटं मुळापर्यंत घालून चाचपायचं. पंजांतले केस मात्र कापत राहायचे, आपल्याकडं गोखरूचे काटे फार. दुपारी सावलीत ठेवायचं आणि काम सकाळ-संध्याकाळीच द्यायचं. फार तापला तर पाठीवर पाणी ओतायचं नाही, ते केसांतच अडकून राहतं. पोट आणि पंजे ओले करायचे. आणि राखणीला तर ठेवायचंच नाही, हा चोराच्याही अंगावर लाडानं चढतो. शेवटी माझ्या दंडाला धरून तो म्हणाला, “बालां नक्को काटो सेठ. ये इसकी छतरी बी है, रजई बी है.”

हे मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं होतं. तुमच्या मेंढरांच्या वाड्याच्या काट्यांच्या कुंपणाजवळ उभा राहून, एकेक गोष्ट. तुम्ही तंबाखू मळत ऐकत होता. ऐकताना तुमची मान हलायची. त्या मान हलण्यावर मी विश्वास ठेवला.

कुत्रा धाराशिवच्या एका जहागीरदाराला द्यायचा, असं माझ्या मनात होतं. ते हैदराबादला गेले होते, पावसाळ्यानंतर येणार होते. तोवर उन्हाळ्यात तो ठेवायचा कुठं? तुमचा माळ उंचावर, वारं मोकळं, म्हणून तुमच्याकडं आणून सोडला. मामीनं त्याला बघून पदर तोंडाला लावला आणि म्हणाली की हे तर चालतंबोलतं कापसाचं बोंड आहे. तेव्हापासून तो कापश्या झाला. साहेबानं ठेवलेलं नाव आपल्यापैकी कुणाच्या जिभेवर बसलंच नाही.

पहिल्या दिवशी तुमची मेंढरं त्याला लांडगा समजून उधळली. तुम्ही मला शिव्या द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात तो त्यांच्या मागून लांब वळसा घालून पळाला, भुंकत, न चावता, कधी डावीकडं तर कधी उजवीकडं, आणि थोड्या वेळात सगळा कळप तुमच्या पायांशी आणून उभा केला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. साहेबानं तर त्याला गालिच्यावर वाढवला होता. तुमची देशी कुत्री लांडग्यावर धावून जायला चांगली, पण मेंढी वळवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तुम्ही तोंड मिटलं आणि मग म्हणालात, मेंढरं त्याला लांडगा समजून गोळा होतात आणि तो त्यांना भाऊ समजून गोळा करतो, दोघांचंही चुकतंय पण काम होतंय. मी हसलो होतो. तुमचं ते बोलणं मी पुढं किती बाजारांत सांगितलं असेल. तुमचं नाव न घेता.

पावसाळा संपला, जहागीरदार आले, मी दोर घेऊन आलो. त्या दिवशी तुम्ही देवळाच्या ओट्यावर होता, चार माणसं बसली होती, कळप समोरच ओढ्याकाठी चरत होता. मी कुत्रा मागितला. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. नाही म्हणाला असता तर मी भांडून नेला असता. तुम्ही म्हणालात, “न्हे की. पर त्याला ईचार आदी.”

मी म्हणालो, व्यापारात मालाला विचारत नाहीत.

“आरं, खंडोबा बी ह्या गावात आन् नळदुर्गात, दोन्हीकडं ऱ्हातो. देवाला दोन घरं चालत्यात, आन् तुला कुत्र्याचं एकच पायजे व्हय?”

लोक हसले. मी दोर बांधला. कापश्या खुशीत माझ्याबरोबर निघाला. तो कुणाहीबरोबर खुशीत निघतो, हे त्या माणसांना कुठं ठाऊक? ओढ्यापाशी कुणाची तरी दोन मेंढरं रानात शिरली. त्यानं मान फिरवली आणि इतका हिसका दिला की दोर माझ्या हातातून गेला. ती दोन्ही मेंढरं वळवून त्यानं तुमच्या कळपात आणून सोडली आणि तिथंच बसला. ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, शेठ, मालच पळाला की. जीभ बाहेर काढून हसल्यासारखं तोंड करणाऱ्या जनावराला चार लोकांसमोर ओढत नेणं मला जमलं नाही. मी तसाच निघून गेलो. जहागीरदाराला काय सांगितलं ते तुम्ही कधी विचारलं नाही.

तुम्ही तो घेतला नाहीत, चोरला नाहीत, विकत मागितला नाहीत. तुम्ही नुसते बसून राहिलात आणि तो तुमचा झाला. आयुष्यात माझ्याकडून अशी वस्तू कुणी काढून घेतली नव्हती. हे मला अजूनही सलतं. तुम्ही गेलात म्हणून ते कमी झालेलं नाही.

पुढच्या शिमग्याच्या सुमारास मी लोकर न्यायला आलो. कातरणी उरकली होती. शेजारच्या वाड्यांवरचे धनगर मदतीला आले होते, तेही जेवून आडवे झाले होते. कडुनिंबाखाली काहीतरी गुलाबी पडलं होतं. मला वाटलं, डुकराचं पिल्लू. ते उठलं आणि शेपूट हलवत माझ्याकडं आलं. तेव्हा मला कळलं.

त्या वेळी मी काय काय बोललो, ते आठवून लिहिण्यासारखं नाही. तुमच्या आईबापापर्यंत गेलो. तुम्ही ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणालात, “ज्याच्या अंगावर लोकर, त्याला उन्हाळ्याच्या आदी कातर. न्हायतर पाप लागतंय. म्या माझ्या मेंढरास्नी मोकळं करू आन् त्याला तसंच तापवू?”

“तुम्हाला सांगितलं होतं मी. छत्री आहे ती त्याची.”

“खानसाम्यानं सांगितलं तुला. त्यानं कवा मेंढरं राखली?”

तेव्हा माझ्याजवळ उत्तर होतं, पण रागात ते तोंडातून आलं नाही. आज सांगतो. मेंढीची लोकर एकेरी वाढते आणि कातरली तरी पुन्हा तशीच येते. याचे वरचे राठ केस एकदा गेले की नीट परत येत नाहीत, आणि आतली कातडी उजेडाला सरावलेली नसते. तुमची अक्कल मेंढरापुरती पुरी होती. तुम्ही ती कुत्र्याला लावलीत, कारण तो तुमच्या कळपात राहत होता, आणि कळपातल्या सगळ्यांना एकच न्याय, हा तुमचा हट्ट. भंडारा लावून पहिली मेंढी कातरायची तिथपासून शेवटच्या कोकरापर्यंत कुणाला वगळायचं नाही, ही रीत मला मान्य आहे. पण उन्हाला ती रीत ठाऊक नव्हती.

चार दिवसांत त्याच्या पाठीवर फोड आले. हे मला दुसऱ्याकडून कळलं, कारण मी तुमच्याकडं यायचं बंद केलं होतं. मामीनं जुन्या लुगड्याचं झबलं शिवलं. तुम्ही करंजाचं तेल लावत होता म्हणे. दुपारी तो सावली सोडून मेंढरांमागं निघायचा, म्हणून तुम्ही स्वतः त्याच्याजवळ निंबाखाली बसायचात आणि कळप दुसऱ्यांवर सोडायचात. मेंढरं दुसऱ्याच्या हातात द्यायला तुम्ही मरायला टेकलात तरी तयार झाला नसतात, हे सगळा मुलूख जाणतो. मी ते ऐकलं आणि मनात म्हणालो, म्हणजे कळलंय म्हाताऱ्याला. आता सांगेल.

तुम्ही सांगितलं नाहीत.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम कातरणीच्या वेळेलाच आलो, दुपार टळल्यावर. कापश्याच्या अंगावर केस आले होते, पाठीवर मात्र विरळ आणि जागोजागी पिवळट. तुम्ही मांडी घालून त्याला विंचरत होता. निघालेली लव मामी वेगळी ठेवत होती, चातीवर कातून बघू म्हणत होती. मी समोर बसलो. तुम्ही लोकरीची गोष्ट काढलीत, गवताची काढलीत, बार्शीकडच्या बाजाराची काढलीत. मी वाट बघत होतो एका शब्दाची. चुकलं. एवढाच. तुम्ही तो शब्द सोडून सगळं बोललात.

अशी किती वर्षं गेली. दर खेपेला मी तुमच्या लोकरीला नावं ठेवायचो आणि तुम्ही माझ्या तागडीला. हद्दीवरच्या करोडगिरीच्या जकातनाक्यावर कारकुनानं कापश्याला मेंढ्यांत मोजलं, तेव्हाचं आठवतं? तुमचा कळप सोलापूरच्या बाजूला चरायला निघाला होता, मीही माझा माल घेऊन तिथंच अडकलो होतो. कारकून म्हणाला, अंगावर लोकर आहे म्हणजे जकात लागते. तुम्ही म्हणालात, कुत्रं आहे. तो म्हणाला, “भौंक के दिखाओ बोलो इसकू.” आणि कापश्या नेमका तेव्हा त्याचे हात चाटत बसला. तुम्ही माझ्याकडं बघितलं. मी भांडायला उभा राहिलो, कारण भांडण मला जमतं, आणि त्याचं नाव त्या हिशेबातून काढूनच थांबलो. पुढं आल्यावर तुम्ही मला तुमच्यातली अर्धी भाकरी दिलीत. त्या दिवशी तरी बोलाल असं वाटलं होतं. तुम्ही फक्त म्हणालात की माझी जीभ खटल्यात चालते, घरात चालत नाही.

मग धामधुमीची वर्षं आली. गावं रिकामी व्हायला लागली, लोक हद्दीपलीकडं गेले, मी माझा बाजार गुंडाळून काही महिने सोलापुरात काढले. हैदराबादचं राज्य गेलं, तेव्हा परत आलो. तुम्ही होता तिथंच होता, कळप निम्मा झालेला, कापश्या म्हातारा. त्याच्या एका डोळ्यावर पांढरा पडदा आला होता. तुम्ही त्याला आता फक्त सकाळी सोडायचात आणि बाकी वेळ सावलीत बांधून ठेवायचात. मी विचारलं, दिसतं का त्याला. तुम्ही म्हणालात, मेंढरं दिसत्यात तेवढं पुरं. ते आपलं शेवटचं बोलणं. मी तेव्हाही तिथून चिडूनच उठलो होतो, कशावर ते आता आठवत नाही.

तुमचे दिवस झाले आणि मी आलो. खरं सांगतो, तुमच्यासाठी आलो नव्हतो. भेटायला यायचं तर लोक आधीच येऊन गेले होते. मी कुत्र्यासाठी आलो. आता त्याला अडवायला कुणी नव्हतं आणि माझा हक्क पहिल्या दिवसाइतकाच पक्का होता. म्हाताऱ्या, अर्ध्या आंधळ्या कुत्र्याला बाजारात भाव नाही, हे मला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. भावासाठी नव्हतंच ते. तुमच्याकडून जे राहिलं, ते मला उचलायचं होतं.

मी पोचलो तेव्हा कातरणी सुरू व्हायची होती. ऊन वाढत चाललंय, दुखवट्यासाठी मेंढरं थांबत नाहीत, असं मामी म्हणाली. पाच-सहा जण कातऱ्या घासून बसले होते, त्यातले दोघं नवीन, मला न ओळखणारे. मामीनं भंडाऱ्याची वाटी आणली. पहिल्या मेंढीच्या कपाळाला भंडारा लावला. आणि सगळे थांबले. मला वाटलं, तुमच्यासाठी थांबलेत. तेवढ्यात मामी माझ्याकडं वळली.

“बोल आता. तूच आलायस तर.”

“काय बोलू?”

“ते दर साली बोलायचे ते.”

मला कळेना. तेव्हा त्यांच्यातला एक जुना धनगर, जो पहिल्यापासून तुमच्या कातरणीला येतो, मला सांगू लागला. दर वर्षी, भंडारा लावून झाला की, कुणी कातर उचलायच्या आधी तुम्ही उभं राहून म्हणायचात: “ह्या पांढऱ्या कुत्र्याला कुणी कातर लावायची न्हाय. त्याचा मालक शंकर हाय, त्यानं सांगितलं व्हतं. म्या ऐकलं न्हाय आन् जनावर भाजलं. माझं चुकलं ते तुमी करू नगा.”

दर वर्षी. परक्या माणसांसमोर. माझं नाव घेऊन.

मी दर वेळी दुपारनंतर यायचो. लोकर बांधून तयार असली की भाव करायला सोपं जातं, म्हणून.

मी मामीला विचारलं, मला का सांगितलं नाही. माझा आवाज चढला असणार, कारण नवीन दोघं दचकून बघायला लागले. मामी डोळ्यांतलं पाणी पुसत होती, पण तिला हसूही येत होतं.

“तुला सांगितलं आसतं तर तू त्याच दिशी कुत्रं न्हेलं आसतंस. म्हनायचे, शंकरला एकदा चुकलं म्हनलं की सौदा संपला. भांडू दे त्याला, पर दर साली यिऊ दे.”

म्हणजे तुम्ही हातातला शेवटचा पत्ता टाकलाच नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की तुम्हाला व्यवहार कळत नाही. आणि मी त्या एका शब्दासाठी दर वर्षी तुमच्या माळावर येत होतो, तुमची लोकर घेत होतो, तुमच्याशी भांडत होतो, भाकरी खात होतो. माझ्याशी असा सौदा कुणी केला नव्हता. करून तुम्ही निघूनही गेलात.

माणसं कातऱ्या धरून थांबली होती. मी उभा राहिलो. पांढऱ्या कुत्र्याला कातर लावायची नाही, असं मी म्हणालो. नवीन दोघांतल्या एकानं विचारलं, का, त्याला बी गरम व्हतच आसंल की. तुमचाच प्रश्न. मी त्याला छत्रीचं सांगितलं, रजईचं सांगितलं, फोडांचं सांगितलं. कुणामुळं फोड आले ते सांगितलं नाही. ते तुम्ही पुरेसं सांगितलं आहे.

मग त्यानं विचारलं, मालक कोण. मी म्हणालो, मी.

संध्याकाळी कळप परत आला तेव्हा मामीनं त्याला सोडला, माझ्याबरोबर पाठवायला. मी म्हणालो, राहू द्या. पुढल्या कातरणीला मी सकाळीच येतो.

तुम्ही म्हणाला होतात, शंकर त्याच दिवशी कुत्रा नेईल. मी नेला नाही. तुमचा अंदाज चुकला, बिरूमामा. हे मला तुमच्या तोंडावर सांगायचं होतं.